पेट स्कॅन त्या ९ मिमीच्या नोडसाठी नाही, त्याच्या वर काय आहे ते बघायला सांगितलाय

भाऊ, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. मला कळला तो असा: आई ५४ वर्षांच्या, शुगर आहे, गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर, बायोप्सीत स्क्वॅमस सेल प्रकार निघालाय, कोणीतरी तिसरी स्टेज सांगितली. तीन आठवड्यांपूर्वीच्या सीटीत लिहिलं होतं की दखल घ्यावी असे लिम्फ नोड नाहीत. आता एमआरआयमध्ये ४.६ सेमीची गाठ, डाव्या बाजूचा पॅरामेट्रियम (पिशवीच्या तोंडाला लागून असलेला बाजूचा भाग) धरलेला, आणि उजवीकडे एक्स्टर्नल इलियाक नोड ९ मिमी, 'संशयास्पद'. डॉक्टर म्हणतात पेट सीटी करून घ्या. घरचे म्हणतात किती वेळा फोटो काढायचे, ऑपरेशन करून पिशवी काढून मोकळे व्हा. आणि तुम्ही विचारताय की खरा रिपोर्ट कोणता, पेट लागतोच का, आणि कॅन्सर पसरला का.

मी नागपुरात २१ वर्षं रेडिओलॉजी करते, त्यातली बरीच वर्षं बायकांच्या कॅन्सरचेच स्कॅन वाचण्यात गेली. माझ्याकडे भंडारा-गोंदिया-गडचिरोलीच्या बाया येतात, तिकडून बालाघाट-छिंदवाड्याच्याही येतात, आणि सगळ्यांच्या घरच्यांचा प्रश्न फिरून फिरून हाच असतो. फिल्म न बघता तुमच्या आईचं निदान मी करणार नाही, कोणी करत असेल तर ऐकूही नका. पण डॉक्टरांनी पेट काहून सांगितला असेल ते नक्की सांगू शकते, कारण तुमचा प्रश्न 'पसरला का' असा असला तरी डॉक्टरांचा प्रश्न वेगळा आहे, शेक म्हणजे रेडिएशन कुठपर्यंत द्यायचं हा.

आधी शब्दाचा घोळ सोडवू. ट्यूमरलाही आपण गाठ म्हणतो आणि लिम्फ नोडलाही गाठच म्हणतो, त्यामुळे रिपोर्टात नोड लिहिलेला दिसला की घरी फोन जातो 'अजून एक गाठ निघाली'. नोड निघत नाही हो, तो जन्मापासून असतोच, आपल्या सगळ्यांच्या अंगात शेकड्यांनी आहेत. पायात काटा रुतला, जखम चिघळली की जांघेत अवधाण येतं ना, तोच लिम्फ नोड. धानाच्या बांधीत चिखलात दिवसदिवस उभं राहून रोवणी करणाऱ्या बाईच्या टाचा फाटलेल्या असतात, आणि आपल्या पूर्व विदर्भात हत्तीरोगही आहे, त्यामुळे तिच्या जांघेतले नोड दोन्हीकडे दीड-दोन सेमीचे दिसले तरी त्याचा कॅन्सरशी संबंध बहुतेक नसतो. म्हणून मी रिपोर्ट लिहिण्याआधी बाईचे पाय बघते. खरंच बघते, टेबलवर झोपवलं की पहिले साडी-चादर थोडी वर करून टाचा बघते.

कॅन्सर मात्र वाटेल तिकडे जात नाही, त्याची वाट ठरलेली असते. पिशवीच्या तोंडातून निघाला की आधी ओटीपोटाच्या बाजूच्या भिंतीवरचे नोड, म्हणजे ऑब्ट्युरेटर, एक्स्टर्नल इलियाक, इंटर्नल इलियाक. तिथून वर कॉमन इलियाक. तिथून कण्यासमोर जी मोठी धमनी आहे तिच्या कडेकडेने वर मूत्रपिंडांपर्यंत, त्यांना पॅरा-एऑर्टिक म्हणतात. आणि अगदी पुढे गेला तर डाव्या हासळीच्या हाडावर, मानेच्या मुळाशी. खालची पायरी सोडून एकदम वर उडी मारलेली मी पाहिली आहे पण कमीच. ही शिडी लक्षात ठेवा, पुढचं सगळं हिच्यावरच आहे.

आता दोन रिपोर्ट वेगळे का. सीटी असो की एमआरआय, नोडच्या बाबतीत दोन्ही मुख्यतः आकारच बघतात. रूढ नियम असा की नोडची रुंदी, म्हणजे आखूड बाजू, १० मिमीच्या वर गेली तर मोठा म्हणायचा, आणि नोड गोल असेल तर ८ मिमीलाच सावध व्हायचं. तुमचा सीटी वाचणाऱ्याने बहुतेक १० चा नियम लावला, नोड त्याच्या आत बसला, लिहिलं दखल घ्यावी असं नाही. एमआरआय वाचणाऱ्याला ९ मिमीच्या नोडचं रूप आवडलं नाही म्हणून त्याने संशयास्पद लिहिलं. बहुतेक दोघंही एकाच नोडबद्दल बोलून राहिले, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत.

रूप म्हणजे काय ते सांगते. कॉम्प्युटरवर मी जांघेपाशी ती मोठी शीर पकडते आणि तिच्या मागे मागे एकेक स्लाइस वर सरकत जाते. शीर प्रत्येक स्लाइसमध्ये असतेच, ती पुढे चालत राहते. नोड दोन-तीन स्लाइसमध्ये येतो आणि संपतो, तिथे थांबायचं. चांगला नोड वालाच्या दाण्यासारखा, लांबट, एका बाजूला खाच आणि त्या खाचेत चरबीचा ठिपका. बिघडलेला नोड वाटाण्यासारखा गोल, खाच बुजलेली, चरबी गेलेली, कड खरखरीत, आणि आतला रंग हुबेहूब मूळ ट्यूमरच्या रंगासारखा करडा, कधी मधोमध सडून पोकळ झालेला. म्हणून १८ बाय ६ चा नोड मला घाबरवत नाही, ९ बाय ९ चा घाबरवतो. तुमच्या रिपोर्टात ९ मिमीच्या सोबत दुसरा आकडा आहे का ते बघा, नसेल तर वाचणाऱ्या डॉक्टरांना फोन करून विचारा, राग येत नाही कोणाला. आणि डिफ्यूजन नावाच्या सिक्वेन्समध्ये 'नोड चमकतोय' असं लिहिलं असेल तर तेवढ्यावरून घाबरू नका, त्यात चांगले नोडही चमकतात, तो सिक्वेन्स मला नोड शोधायला उपयोगी पडतो, बरा की वाईट हे ठरवायला एकटा पुरत नाही.

आणि दुसरी बाजूही मोकळेपणाने सांगितली पाहिजे. कॅन्सर गेलेले नोड सीटी-एमआरआयमध्ये जवळपास निम्म्या बायांत सुटतात. कारण साधं आहे, ५ मिमीच्या नोडमध्ये २ मिमीपेक्षाही लहान कॅन्सरचा कण बसला असेल तर नोडचा आकारच बदलत नाही, मग दिसणार काय. एका लवकरच्या स्टेजच्या बाईचा एमआरआय मी वाचला होता, नोड नाहीत असं लिहिलं, ऑपरेशन झालं आणि पॅथॉलॉजीत ऑब्ट्युरेटर नोडमध्ये बारीक कण निघाला. ती नंतर मला भेटायला आली आणि शांतपणे म्हणाली, मॅडम तुम्ही तर नाही म्हणाल्या होत्या. त्या दिवसापासून मी 'नोड नाहीत' लिहिणं सोडलं, 'आकाराने वाढलेले नोड दिसत नाहीत' असं लिहिते. शब्द थोडे जास्त पण खरे.

पेट यापेक्षा बरा आहे, कारण तो आकार नाही, भूक बघतो. किरणोत्सर्गी फ्लोरिन लावलेली साखर शिरेतून देतात, कॅन्सरच्या पेशी ती जास्त ओढतात आणि चमकतात. त्यामुळे ७-८ मिमीचा नोडही पकडला जातो, पण ५ मिमीच्या खाली पेटही आंधळाच. मधोमध सडलेला नोड चमकत नाही. आणि उलट चूकही होते: ती साखर लघवीतून बाहेर पडते, मूत्रनळी नेमकी त्याच इलियाक रक्तवाहिन्यांवरून जाते जिथे नोड असतात, म्हणून लघवीचा एक थेंब नोडसारखा चमकतो आणि घाईत वाचणारा फसतो. टीबी चमकतो. कुठलीही सूज चमकते.

आता मूळ मुद्दा. पॅरामेट्रियम खरंच धरलेला असेल, आणि गायनॅक ऑन्कोच्या (बायकांच्या कॅन्सरच्या) डॉक्टरांना हाताने तपासूनही तेच वाटत असेल, तर नोड सोडूनही ही स्टेज दोन-बी होते. दोन-बीला पहिले ऑपरेशन करत नाहीत. उपचार म्हणजे रोज बाहेरून शेक साधारण पाच आठवडे, सोबत आठवड्यातून एकदा सिस्प्लॅटिन या किमोच्या औषधाची सलाईन, आणि मग आतला शेक म्हणजे ब्रेकीथेरपी. घरच्यांना समजावा की पिशवी काढून मोकळं होता येत नाही, बाजूला पसरलेला भाग चाकूने पुरता निघत नाही, मग ऑपरेशनही होतं आणि नंतर शेकही द्यावाच लागतो, त्रास दोन्हीचा होतो आणि फायदा वाढत नाही. अशा अर्धवट ऑपरेशननंतर आलेल्या बाया मी पाहिल्या आहेत, म्हणून हे जोर देऊन लिहितेय.

मग पेट कशाला? बघा, तो ९ मिमीचा नोड ओटीपोटात आहे, म्हणजे शेकाच्या चौकटीत तो तसाही येणारच. त्यात कॅन्सर असो नसो, त्याला ४५ ग्रे (ग्रे म्हणजे शेकाच्या डोसचं माप) मिळणारच, २५ दिवसांत विभागून. संशय पक्का झाला तर त्या नोडला त्याच दिवसांमध्ये थोडा जास्त डोस देतात, साधारण ५५ ग्रेपर्यंत. एवढाच प्रश्न असता तर मी म्हटलं असतं, नोडचं रूप वाईट दिसतंय तर त्याला जास्तीचा डोस द्या आणि पुढे चला. खरा प्रश्न शिडीच्या वरच्या पायऱ्यांचा आहे. खालच्या पायरीवर कॅन्सर असेल तर वरच्या पायरीवर असण्याची शक्यता वाढते, आणि नेहमीची शेकाची चौकट कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यापाशी संपते. पॅरा-एऑर्टिक नोडमध्ये कॅन्सर असेल आणि चौकट खालीच थांबली तर पाच आठवडे त्रास काढून वरचा कॅन्सर तसाच राहतो. वर असेल तर चौकट मूत्रपिंडांच्या रक्तवाहिन्यांपर्यंत वाढवतात. मग सगळ्यांनाच वरपर्यंत द्या ना, असं तुम्ही म्हणाल, पण वर आतडी आहेत, मूत्रपिंडं आहेत, त्रास वाढतो, म्हणून कारण असल्याशिवाय वाढवत नाहीत. पेट सांगितलाय तो यासाठी. आणि मानेच्या नोडसाठी, कारण तो खरंच कॅन्सरचा असेल तर स्टेज चार-बी होते आणि उपचाराचा हेतूच बदलू शकतो.

इथे तुमच्या 'तिसरी स्टेज सांगितली' या ओळीबद्दलही लिहिते. २०१८ च्या आधी पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरच्या फिगो स्टेजमध्ये (बायकांच्या कॅन्सरच्या स्टेज ठरवायची जगभरची पद्धत) नोड मोजतच नव्हते. २०१८ ला तीन-सी जोडली: ओटीपोटातला नोड असेल तर तीन-सी-एक, पॅरा-एऑर्टिक असेल तर तीन-सी-दोन, आणि पुढे बारीक आर लिहिला तर रेडिओलॉजीवरून, पी लिहिला तर पॅथॉलॉजीवरून. म्हणजे तुमच्या आईच्या कागदावर तीन-सी-एक-आर असेल तर त्याचा अर्थ एवढाच की स्कॅनवर ओटीपोटातला एक नोड संशयास्पद आहे. शरीरभर पसरला असा अर्थ नाही. या स्टेजला बरं करण्याच्याच हेतूने उपचार करतात, हे आईलाही सांगा, त्या ऐकून असतील तर मनात भलतंच धरून बसल्या असतील.

पेट चमकला की सगळं ठरलं असंही नाही. काही वर्षांपूर्वी पूर्वेकडच्या एका जिल्ह्यातून एक बाई आली, पेटवर ओटीपोटात एक नोड, मधल्या पायऱ्या साफ, आणि एकदम डाव्या मानेत एक चमकता नोड. फाईलवर चौथी स्टेज लिहून आली होती, नवरा फाईल छातीशी धरून बसलेला. मला ती मधली मोकळी शिडी खटकली. सोनोग्राफीत मानेचा नोड दिसत होता, तिथेच सुई घालून नमुना घेतला, दहा मिनिटांचं काम. निघाला टीबी, सीबीनॅट ही टीबीची तपासणीही पॉझिटिव्ह. टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या आणि कॅन्सरचा पूर्ण उपचारही मिळाला, जो चौथ्या स्टेजच्या शिक्क्याखाली मिळाला नसता. तेव्हापासून माझा हट्ट आहे, उपचाराची दिशाच बदलेल असा एकच लांबचा नोड चमकला तर त्याच्यात सुई गेलीच पाहिजे. तुमच्या आईचं तसं काही निघालं तर हे विचाराच.

पेट साफ आला तर? तेव्हाही पूर्ण खात्री नाही. या टप्प्याच्या कॅन्सरमध्ये पेटवर पॅरा-एऑर्टिक साफ दिसलेल्या बायांचे तिथले नोड काढून तपासली तर १०० मधल्या साधारण १०-१२ जणींत कॅन्सर सापडलेला आहे, आणि खालचा नोड पेटवर चमकत असेल तर हे प्रमाण आणखी वाढतं. म्हणून ओटीपोटात दोन-तीन नोड वाईट असतील किंवा कॉमन इलियाकपर्यंत गेलेले असतील तर काही रेडिएशन डॉक्टर पेट साफ असूनही चौकट वर नेतात. ते वेडेपणाने करत नाहीत, याच हिशोबाने करतात.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते. पेट आठवड्याभरात होत असेल आणि पैशाची सोय असेल तर करा, माझं मत स्पष्ट हो आहे. पण नंबर तीन-चार आठवड्यांनी लागणार असेल, किंवा घरातलं काही विकून करावा लागणार असेल, तर डॉक्टरांना सरळ विचारा की छाती-पोट-ओटीपोटाचा चांगला कॉन्ट्रास्ट सीटी (शिरेतून औषध देऊन काढलेला), मानेची सोनोग्राफी आणि हा एमआरआय एवढ्यावर सुरू करता येईल का. बऱ्याचदा येतं, आणि जगात कितीतरी बायांचा उपचार तसाच होतो. शेक सुरू झाला की आतल्या शेकासकट सगळं साधारण ८ आठवड्यांत संपायला हवं, लांबलं तर परिणाम कमी होतो, आणि सुरू व्हायलाच दोन महिने गेले तर आजचा एमआरआयही जुना होतो. उपचार नागपुरात मेडिकल कॉलेजला घ्या, तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटलला घ्या की जामठ्याच्या कॅन्सर हॉस्पिटलला, रेडिएशनची तारीख आधी पक्की करा आणि पेट त्या तारखेच्या अलीकडे बसवा. पेट झाल्यावर मग नंबर लावू असं करू नका. जन आरोग्य योजनेत काय बसतं ते त्या दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला भेटून विचारा, शेजाऱ्याच्या सांगण्यावर जाऊ नका.

आणि रिपोर्ट नाही, सीडी न्या. सीटीची आणि एमआरआयची दोन्ही. एकच डॉक्टर एकाच पडद्यावर दोन्ही बाजूबाजूला लावून बघेल तर तुमच्या 'खरा कोणता'चं उत्तर पाच मिनिटांत मिळेल. तीन आठवड्यांत तो नोड ७ चा ९ झाला की तेव्हाही ९ च होता हे फक्त असंच कळतं.

पेटच्या दिवशीचं थोडं. ४ ते ६ तास उपाशी, साधं पाणी चालतं, उलट प्यावंच. आईला शुगर आहे असं तुम्ही लिहिलंय, तर त्या दिवशी २०० च्या खाली हवी, आणि मेटफॉर्मिनच्या गोळीने आतडी चमकतात म्हणून ती दोन दिवस आधी बंद करायची का हे तुमच्या डॉक्टरांना विचारा, स्वतःहून करू नका. इंजेक्शननंतर तासभर शांत पडून राहायचं, बोलणं-चालणं कमी. स्कॅनच्या आधी लघवी करून यायचं. औषध दर ११० मिनिटांनी निम्मं होतं, त्यामुळे दिलेली वेळ चुकवू नका, गावाहून येणार असाल तर आदल्या रात्रीच मुक्कामाला या. आणि क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी, करून ठेवा. या कॅन्सरमध्ये मूत्रनळी दाबली जाते आणि किडनी गुपचूप फुगते, कॉन्ट्रास्टसाठीही आणि सिस्प्लॅटिनसाठीही हा आकडा लागणारच.

खाली कमेंटमध्ये एका ताईंनी सासूबाईंच्या ओव्हरीच्या कॅन्सरला हेच लागू आहे का असं विचारलंय. नाही ताई. ओव्हरीची वाटच वेगळी, तिचे नोड थेट वर पॅरा-एऑर्टिकला जातात, तिथे कॉन्ट्रास्ट सीटी मुख्य, आणि पुढे गेलेल्या स्टेजला नोड दिसायला चांगले असतील तर ते उगाच काढून आयुष्य वाढत नाही हे २०१९ च्या लायन ट्रायलने दाखवलंय. पिशवीच्या अस्तराच्या कॅन्सरला एमआरआय कॅन्सर अस्तरातून पिशवीच्या स्नायूत किती खोल शिरलाय ते बघायला, नोडचं काम ऑपरेशनमध्येच हिरवा रंग टोचून पहिला नोड शोधून होतं. बाहेरच्या अंगाचा (व्हल्व्हाचा) कॅन्सर असेल तर जांघेची सोनोग्राफी आणि सुई. सासूबाईंचा रिपोर्ट वेगळा टाका, वेगळं लिहीन.

भाऊ, अजून एकच, ते पुढे कामी येईल. शेक संपल्यावर सगळ्यांना घाई असते की लगेच पेट करून बघू गेला का. तीन महिने थांबा. शेकाने आतली जागा सुजलेली असते, सूज चमकते, आणि नसलेला कॅन्सर कागदावर उमटतो. तीन महिन्यांनी केला की तो ९ मिमीचा नोड आणि आजचा नोड बाजूबाजूला ठेवता येतील, म्हणून आजच्या सीडी जपून ठेवा, कपाटात ठेवा, थैलीत फाईलसोबत दुमडून ठेवल्या की तडकतात.